विम्याचा रकाना लेखात राहून गेला

डिसेंबरअखेर गेल्यास एसयूव्हीवर सर्वाधिक सवलत पदरात पडते, हे गाडी खरेदीवरील लेखातील विधान खरे असले तरी अपुरे आहे, कारण एक्स-शोरूम किमतीत (विमा, नोंदणी वगळून गाडीच्या किमतीत) सोडलेले पैसे विक्रेता अनेकदा विम्यातून वसूल करतो. चवथीपूर्वी म्हापशात आम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये भरमसाट विमा, ‘हँडलिंग’ नावाची एक गूढ ओळ आणि न मागितलेली सीट कव्हर व मॅट असे सगळेच होते. नव्या गाडीला 3 वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा असला तरी तो विक्रेत्याकडूनच घ्यावा असे बंधन नाही. तेवढ्याच आयडीव्हीचे (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचे) आणि झिरो डेप्रिसिएशनसह (घसारा न कापता भरपाई देणाऱ्या संरक्षणासह) बाहेरचे कोटेशन टेबलावर ठेवताच विक्रेत्याचा विम्याचा आकडा खाली आला आणि ‘हँडलिंग’ची ओळ मॅनेजरने स्वतःच्या पेनाने खोडली.

10 लाखांवरील गाडीवर आकारला जाणारा 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने विक्रीवेळीच गोळा करून सरकारकडे भरायचा कर) मात्र घासाघिशीचा विषय नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, त्यामुळे तो ‘माफ करतो’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे (असेही भेटतात) आभार मानण्याची गरज नाही. राहिला प्रश्न डिसेंबरचा. पुनर्विक्रीच्या वेळी उत्पादनाचे वर्ष पाहिले जाते आणि डिसेंबरची गाडी जानेवारीतच एक वर्ष जुनी धरली जाऊन तिची किंमत घटते, म्हणून तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने वर्षअखेरची सवलत या घटीशी ताडून पाहावी. दहा वर्षे तीच गाडी वापरणाऱ्याने ती सवलत खुशाल घ्यावी.