उठ वो, रडाचा सीन आला

बाबांच्या तेरवीला चौकात बॅनर लागलं होतं. फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'कष्टमूर्ती'. मग भाषण करणाऱ्या प्रत्येकानं तोच शब्द धरला. एकानं तर सांगून टाकलं, या माणसानं उभ्या आयुष्यात एक दिवस सुट्टी घेतली नाही. मी मागं पंगतीचं पाहत होतो. बाजूला उभा असलेला जुना गिऱ्हाईक हळूच म्हणाला, "सुट्टी नाई घेतली? माही मोटर पाच दिस पडून होती गा, मिस्त्री नाटकाले गेलते!"

त्या दिवशी खरं बोलणारा तो एकटाच. म्हणून लिहितोय. नातेवाइकांपैकी कोणाला राग आला तर येऊ द्या.

आमचं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या पंपाच्या मोटारी नव्यानं भरून द्यायचं, दुकान पूर्व विदर्भात ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या एका गावात आहे. पत्र्याचं छप्पर, दारात जळक्या मोटारी आणि आत वार्निशचा वास. तो वास आमच्या शाळेच्या दप्तरालाही यायचा. बाबा जळकी तार छिन्नीनं कापून काढत, स्लॉट घासत, त्यात कागद घालत, मग नवीन तांब्याची कॉइल एकेक धागा करून बसवत आणि वरून बांबूची खपची ठोकत. खपच्या ते स्वतःच तासायचे. शेवटी वार्निश पाजून मोटार उन्हात. मे महिन्यात आमच्याकडे भट्टी लागत नाही, अंगणच भट्टी असतं.

कॉइलचे फेरे मोजताना मात्र त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरातला एकमेव कायदा. आम्ही मुद्दाम बाजूला उभं राहून चुकीचे आकडे म्हणायचो, "सत्तावीस, एकतीस, बारा..." ते ओठ दाबून मोजत राहायचे, डोळे हसायचे, आणि एखाद्या वेळी फसकन हसू फुटलं की गेले फेरे. सगळी तार उलगडून पुन्हा एकपासून. कधी चिडले नाहीत. उलट म्हणायचे, "आता तुम्हीच मोजा बे, मी हासतो."

आता त्या गिऱ्हाइकाची तक्रार.

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या भागात, भाऊबीजेपासून मंडई सुरू होते. मंडई म्हणजे गावची जत्रा. आज या गावची, उद्या त्या गावची. दुपारी दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे खेळ, रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत खेळ चालतो. हा हंगाम होळीपर्यंत जातो. आणि नेमकी याच दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, उन्हाळी धानाची रोवणी येते. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी हवं, लाइन आठच तास, तीही कधी रात्री. त्यात एक फेज गेला आणि मोटार चालूच राहिली की ती जळणारच. म्हणजे आमच्या दुकानाचा सीझन आणि बाबांच्या नाटकांचा सीझन एकच. देवानं हे जाणूनबुजून केलं असावं.

या भांडणात नाटक बऱ्याचदा जिंकायचं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाळताहेत म्हणून शेतकरी दुकानात शिव्या देत बसलेला आणि मिस्त्री लुनावर आईला बसवून वीस किलोमीटर पार. शेतकऱ्याचा राग मला तेव्हाही बरोबर वाटायचा, आजही वाटतो. पण हेही पाहिलंय, की पहाटे साडेपाचला परत आले, तोंडावर पाणी मारलं, चहा घेतला आणि झोप न घेता छिन्नी हातात घेतली. दुपारपर्यंत मोटार तयार. पाच दिवसांची गोष्ट एकदाच झाली, तेव्हा मंडया लागोपाठ होत्या. समर्थन करत नाही, फक्त हिशेब सांगतोय.

घराचाही हिशेब आहे. माझ्या बारावीच्या फीचे पैसे एका वर्षी गावच्या नाटकाच्या वर्गणीत गेले. फी महिनाभर उशिरा भरली, वर्गात नाव पुकारलं गेलं. मी दोन दिवस बाबांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "चुकलं गा माझं," आणि त्याच दमात, "पन तू पायलं का, लायटिंग कसली झालती!"

त्याच नाटकात त्यांना हवालदाराचं काम होतं, दोन वाक्यांचं. पहिलं वाक्य झालं आणि जनरेटर बसला. अंधार. लोक शिट्ट्या मारायला लागले. तेवढ्यात हवालदार साहेबच टोपी-दांडक्यासकट स्टेजवरून उतरले, कोणाचा तरी टॉर्च दातांत धरला, जनरेटर उघडला आणि दहा मिनिटांत चालू केला. मग ग्रीस लागलेल्या हातांनी परत स्टेजवर जाऊन दुसरं वाक्य म्हटलं, "कायद्याचे हात फार लांब असतात!" पब्लिकनं वन्समोर घेतला. तीन वेळा.

शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचंही तसंच वेड. घरी बैल नाही, पण जोड्यांची नावं तोंडपाठ. 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा आठवडाभर घरात सुतक असल्यासारखं होतं. डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली तशी लुना पुन्हा निघाली. आणि 2023 ला गडचिरोलीचे झाडीपट्टी नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटलं आमच्या घरी सोयरीक जुळली.

माझा राग त्या बॅनरवर एवढ्यासाठीच आहे. शहरातल्या डॉक्टरला नाटकाची आवड असली की लोक त्याला रसिक म्हणतात. मिस्त्रीला असली तर जिवंतपणी म्हणतात 'नादी', आणि मेल्यावर तेही पुसून 'कष्टमूर्ती' करून टाकतात. अरे, कष्ट कोणाला चुकलेत आमच्याकडे? त्यात बाबांचं वेगळं काय? त्यांचं वेगळेपण रात्री दहानंतर सुरू व्हायचं, आणि त्यात ते एकटे नसायचे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या भागात पुष्कळ माणसं नाटकाला जातात आणि बायको घरी राखण करते. बाबा आईशिवाय एकाही नाटकाला गेले नाहीत. चटई, चादर, रुमालात बांधलेले उकडलेले शिंगाडे आणि आई, एवढं सामान ठरलेलं.

गंमत अशी, की आईला नाटक फारसं आवडायचं नाही. ती दुसऱ्या अंकाला त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. बाबा तिच्यावर चादर टाकून पाहत राहायचे आणि मोक्याच्या वेळी तिला हलवायचे, "उठ वो, रडाचा सीन आला!" आई उठायची, पदरानं डोळे पुसत मनसोक्त रडायची आणि पुन्हा झोपायची. सकाळी बायांना अख्खं नाटक सांगायची, फक्त रडण्याच्या जागांवरून.

दुकान आता धाकटा भाऊ चालवतो. बाबांची वही त्याच्याकडेच आहे. कोणाच्या मोटारीला किती गेज, किती टर्न, सगळं तिच्यात. एका पानावर '3 एचपी, 24 स्लॉट, 48 टर्न' आणि त्याच्या खालीच '2 अंक बरे. रडू नाही आलं. आईले उठवलं नाही.' आमच्यामुळे तेही तिला आईच म्हणायचे.

चैत्रात बाबा गेले. दिवाळीनंतर मंडईला आई यायला तयार नव्हती, भावानं हट्टानं नेली. चटई नेली, चादर नेली, शिंगाडे नेले. ती रात्रभर जागीच होती.

पहाटे परत येताना म्हणाली, "एवढं लंबं राहाते का गा नाटक?"