पगार न्यूयॉर्कचा, घर न्यूजर्सीचं

गेल्या रविवारी ऑफिसातला एक मुलगा कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. मूळचा पुण्याचा, राहतो न्यूजर्सीतल्या एडिसनला भाड्याच्या घरात, नोकरी मॅनहॅटनमध्ये. वर्षभर पगारातून न्यूयॉर्कचा टॅक्स कापला गेलेला, आणि वर न्यूजर्सीला साडेचार हजार डॉलर भरून बसला होता. "दादा, राज्यं दोन म्हणजे टॅक्स दोनदा, असं त्या रिटर्नवाल्यांनी सांगितलं," म्हणाला. मला फार राग आला. रिटर्न भरून द्यायचे पैसे घेणाऱ्याला एवढं माहीत असायलाच हवं!

एकाच पगारावर दोन्ही राज्यांना पूर्ण टॅक्स द्यावा लागत नाही. आधी न्यूयॉर्कचं अनिवासींसाठीचं रिटर्न, आयटी-२०३, पुरं करायचं. तिथे जो टॅक्स बसेल तो आकडा घेऊन न्यूजर्सीच्या रिटर्नसोबत एनजे-सीओजे हा फॉर्म भरायचा आणि क्रेडिट, म्हणजे न्यूयॉर्कच्या टॅक्सची न्यूजर्सीच्या टॅक्सातून वजावट, मागायचं. या मुलाचं न्यूजर्सीचं आधी करून टाकलं होतं, त्यामुळे क्रेडिटचा रकाना कोराच राहिला. आणि डब्ल्यू-टूवर, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या कागदावर, न्यूयॉर्कचा कापलेला टॅक्स दिसतो, तो आकडा इथे उतरवू नका. कापलेले पैसे वेगळे, रिटर्नमध्ये बसलेला टॅक्स वेगळा.

क्रेडिटला मर्यादा आहे. त्या पगारावर न्यूजर्सीचा टॅक्स जेवढा झाला असता, तेवढंच जास्तीत जास्त मिळतं. त्याच्या बाबतीत न्यूयॉर्कचा टॅक्स जास्त निघाला, म्हणून पगारावर न्यूजर्सीला द्यायचं काही उरलं नाही. बँकेच्या व्याजावरचे किरकोळ डॉलर तेवढे राहिले. चहाचे तीन कप होईपर्यंत एनजे-१०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्नचा फॉर्म, भरून तयार झाला. आता पैसे परत यायची वाट बघायची.

पण मला जास्त सलतं ते वेगळंच. मी मंगळवारी आणि शुक्रवारी घरून काम करतो. त्या दिवशी मेट्रोपार्कहून गाडी पकडत नाही, पेन स्टेशन बघत नाही. तरी त्या दोन दिवसांच्या पगारावरही न्यूयॉर्क टॅक्स घेतं. त्यांचा नियम असा, की घरून काम करणं ही कंपनीची गरज नसून तुमची सोय असेल, तर तो दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्याचा धरायचा. न्यूजर्सी मग मला क्रेडिट देऊन आपला वाटा सोडून देते. न्यूजर्सीचा हा आयकर १९७६ साली आला तोच मुळी घरपट्टीचा भार हलका करायला. राज्यघटनेनंच तो पैसा त्यासाठी राखून ठेवला आहे. आणि इथल्या घरपट्ट्या काय आहेत ते एडिसनकरांना सांगायला नको. माझ्या मुलीची शाळा इथे, रस्ता इथला, बर्फ काढणारी गाडी इथली. घरी बसून केलेल्या कामाचा टॅक्स नदीपलीकडे का जावा?

पेनसिल्व्हेनियाशी न्यूजर्सीचा १९७७पासून करार आहे: राहता तिथेच पगारावर टॅक्स. साधं, सरळ. न्यूयॉर्कशी तसा करार नाही. घरून काम करणाऱ्यांवर मॅसॅच्युसेट्सनं लावलेल्या टॅक्सविरुद्ध न्यू हॅम्पशायर राज्य अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं होतं. २०२१मध्ये कोर्टानं ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला. २०२३ साली न्यूजर्सीनं जशास तसा नियम केला, म्हणजे इथल्या कंपनीचं काम घरून करणाऱ्या न्यूयॉर्ककरांवरही तसाच टॅक्स; शिवाय न्यूयॉर्कशी भांडून परतावा मिळवणाऱ्या रहिवाशांना काही सवलतही ठेवली. पण एकट्या नोकरदारानं एका राज्याशी भांडायचं कसं? हे काम दोन्ही राज्यांच्या सरकारांनी बसून सोडवायचं आहे, आणि आपण आपल्या आमदारांना तसं लिहिलं पाहिजे. मी लिहिलंय.

तोवर हक्काचं आहे ते तरी सोडू नका. गेल्या तीन वर्षांची रिटर्नं काढून क्रेडिटचा रकाना बघा. कोरा असेल तर मला मेसेज करा. रविवारी दुपारी मी घरीच असतो.