मुंबईचा पाऊस नक्की कुठला धरायचा?

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ठिणगी टाकली गिरगावकराने. "मुंबईचा पाऊस म्हणजे कुलाब्याचा पाऊस. वेधशाळा १८२६ पासूनची आहे."

बोरिवलीकर उसळलाच. "२६ जुलै २००५ ला आमच्या उपनगरातल्या सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला. तुमच्या कुलाब्याला जेमतेम ७३-७४. आमच्याकडे माणसं छातीएवढ्या पाण्यातून घरी आली, ती कुठल्या मुंबईत?"

"अरे, तो एक दिवस झाला."

"चार महिन्यांची सरासरी बघ. तरी सांताक्रूझ दोनशेएक मिलिमीटरनं पुढेच."

"आणि २०२५ चा मे? मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून, तो २६ मेलाच आला. कुलाब्याने मे महिन्याच्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. तेव्हा दक्षिण मुंबई तुंबली होती, बोरिवली नाही."

वरळी कोळीवाड्याचा दाजी इतका वेळ गप्प होता. "किती पडला ते नंतर बोला. भरती कधी होती? साडेचार मीटरची भरती आणि त्याच वेळी धो धो लागला, तर समुद्र नाल्यांचं पाणी घेतच नाही. नाल्यांच्या तोंडाची दारं बंद करावी लागतात, नाहीतर समुद्रच आत येतो. तोच पाऊस ओहोटीला पडू दे, पाणी आपसूक उतरतं."

मला दाजीचं शंभर टक्के पटतं. २००५ लाही त्या दुपारी भरती होतीच. आपल्या दादरच्या हिंदमाताचंच घ्या. जागा खोलगट, चहूबाजूंचं पाणी तिथे उतरतं. आता मैदानाखाली टाक्या बांधल्यात. पाणी पंपाने त्यांत साठवायचं आणि भरती ओसरली की सोडायचं. एवढा खर्च भरतीचं गणित मान्य करूनच झालाय ना? मग बातम्यांत नुसतं "मुंबईत १०० मिमी" का सांगतात? पालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापकं शहरभर आहेत. आकडा वॉर्डाचा द्या आणि शेजारी भरतीची वेळ. लोकल पकडायची की ऑफिसातच थांबायचं, हे माणसाला त्यावरून ठरवता येतं.

"उन्हाळ्यालाही हेच," दाजी म्हणाला. "मार्चात मतलई, म्हणजे जमिनीवरचा वारा, दुपारपर्यंत रेटली की समुद्राचा खारा वारा उशिरा शिरतो, आणि मग भाजून निघतो आपण. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाणी, तिथे तेवढं जाणवत नाही."

"मार्चचा विक्रम, २८ मार्च १९५६, ४१.७ अंश. सांताक्रूझच!" बोरिवलीकराने लगेच तारीख काढली.

गिरगावकर काही मागे हटला नाही. "पण पावसाळा बदलला की नाही, हे कशावरून ठरवणार? तुमच्या वॉर्डातल्या मापकांना जेमतेम वीसेक वर्षं झाली असतील. त्यासाठी जुनी नोंदच लागते, आणि ती कुलाब्यातच आहे."

"त्यासाठी घे ना कुलाबा," बोरिवलीकर म्हणाला. "पोरांना शाळेत पाठवायचं की नाही, हे मात्र आमच्या वॉर्डाच्या आकड्यावर ठरू दे."