झोपेत दात खातोस का?

"काका, कंप्लेंट काय लिहू?"

"खाज."

"कुठे?"

"डॉक्टरांना सांगतो ना."

"नाही काका, ते भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढेच जात नाही."

मी काउंटरवर ओणवा होऊन जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं. त्वचारोगतज्ज्ञाच्या त्या रिसेप्शनिस्टने कीबोर्ड बडवत, पंख्याच्या खडखडाटाच्या वरताण विचारलं, "म्हणजे संडासच्या जागी ना?"

सगळ्यांनी मोबाइलमधून माना वर काढल्या आणि लगेच खाली घातल्या. सभ्य माणसं. एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. आल्या होत्या नातीच्या पिंपल्ससाठी, पण आता त्यांना त्यात रस उरला नव्हता.

"जंत झालेत," आजी म्हणाल्या.

मी कसनुसा हसलो. केस पांढरे झालेल्या, बँकेत लोकांची कर्जं मंजूर करणाऱ्या माणसाने यावर काय बोलायचं?

"रात्री जास्त होतं का रे?"

"हो, म्हणजे तसं..."

"जंतच. झोपेत दात खातोस का?"

"माहीत नाही."

"बायकोला विचार. गोड फार लागतं का?"

"आजी, प्लीज," नात कानातलं काढून म्हणाली.

"तू गप गं. लाजायचंय काय त्यात? ह्याच्या आईने लहानपणी वावडिंग उगाळून घातलं असतं, तर आज ही वेळ आली नसती."

आता प्रकरण आईपर्यंत गेलं. मी तिची बाजू घेत म्हटलं, "घातलं होतं."

"किती दिवस?"

याचा हिशोब कोण ठेवतं? मी गप्प बसलो, आणि आजींनी आईचा गुन्हा शाबीत झाल्यासारखी मान हलवली. एवढ्यात समोरचे गृहस्थ सरसावले. बहुधा निवृत्त शिक्षक असावेत, कारण बोलायच्या आधी त्यांनी घसा खाकरला. "आता शाळेतच गोळी देतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. राष्ट्रीय जंतनाशक दिन."

"मग याला द्या की!"

"१९ वर्षांपर्यंतच मिळते," ते माझ्याकडे नीट निरखून म्हणाले.

"चुकली म्हणजे तुझी," असं म्हणून आजींनी सगळ्यांच्या देखत माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाईट वाटत होतं, हेच जास्त झोंबलं. कंबरदुखीचा माणूस चारचौघांत कण्हू शकतो, मायग्रेनवाल्याला तर घरात एक वलयच असतं. आम्ही मात्र मीटिंगमध्ये खुर्चीच्या कडेवर सरकत, चेहरा गंभीर ठेवून व्याजदरावर बोलायचं.

आत डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. त्याबद्दल अधिक न लिहिलेलं बरं. मूळव्याध नाही, फिशर नाही, बुरशी नाही, शुगर ठीक. जंत? आजी अगदीच वेडगळ नव्हत्या. सुतासारखे बारीक पांढरे कृमी असतात, त्यांची मादी रात्री बाहेर येऊन तिथल्या कातडीवर अंडी घालते, म्हणून खाज रात्री सुटते. तसं असेल तर घरातल्या सगळ्यांनी गोळी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायची. पण माझ्याकडे तेही नव्हते.

"तुम्ही फार धुता," डॉक्टर म्हणाले.

आयुष्यभर 'स्वच्छ धू, साबण लाव' ऐकत वाढलो, त्याचं हे बक्षीस! साबणाने तिथला तेलकटपणा जातो, कातडी कोरडी पडून चिरते, मग खाज, मग खाजवणं, खाजवल्यावर आणखी चिरा, आणि पुन्हा खाज. अँटिसेप्टिक नको, सुगंधी वाइप्स तर मुळीच नकोत. साधं पाणी, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं, नखं कापलेली, चड्डी सुती आणि सैल. चहा, कॉफी, टोमॅटो, लिंबू, चॉकलेट, बिअर काही दिवस बंद करून बघा म्हणाले. आणि तिखट. तिखट येताना जेवढं तिखट असतं, जातानाही बरंचसं तेवढंच राहतं, हे त्यांनी मिसळीवर वाढलेल्या माणसाला समजावून सांगितलं. एवढ्याचे आठशे रुपये. 'धुऊ नका' सांगायचे.

खरा संताप मात्र त्या ट्यूबचा. गेल्या महिन्यात घराजवळच्या मेडिकलवाल्याने काहीही न विचारता हातात ठेवली होती. बुरशी, जंतू आणि खाज, तिन्हींवर एकच मलम. खाज जादूसारखी थांबली, मग व्याजासकट परत आली. डॉक्टरांनी ट्यूबचा फोटो बघून कपाळाला हात लावला. त्यात जबरदस्त स्टेरॉइड होतं. तिथे चोपडत राहिलं तर आधीच नाजूक असलेली कातडी कागदासारखी पातळ होते. कायद्याने हे औषध चिठ्ठीशिवाय मिळू नये. मिळतं, बिस्किटाच्या पुड्याइतकं सहज मिळतं, आणि विकणारा वर 'बेस्ट आहे, सगळे हेच नेतात' म्हणतो. सगळे नेतात म्हणजे गल्लीत माझ्यासारखे किती जण गुपचूप कातडी पातळ करून घेत असतील, देव जाणे.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी झिंक ऑक्साइडचं मलम लिहिलं होतं. या वेळी मुद्दाम लांबच्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या पोराने डायपर रॅशचा डबा काढला आणि कौतुकाने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं, काका?"

मागे रांग होती.

"आठ," मी म्हणालो.

"मग हे पण घ्या," त्याने डब्याबरोबर एक गुलाबी पाकीट पिशवीत टाकलं. "सुगंधी वाइप्स. फ्री आहेत."