प्रत्येक बंद स्टेशनाचं खापर बीचिंगवर नको

इंग्लंडमधल्या एखाद्या ओस पडलेल्या स्टेशनाचा फोटो आला की सोबत हा मजकूर फिरतोच: "डॉ. बीचिंग या एका माणसाने १९६३ मध्ये खेड्यापाड्यांतली चांगली चालणारी स्टेशनं बंद पाडली, आज तिथे काहीच उरलं नाही." बीचिंग तेव्हा ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख होते. डर्बीशरमधल्या हॅसॉप या स्टेशनावर हा दावा घासून पाहू.

आधी तारीख. हॅसॉप १८६२ मध्ये सुरू झालं आणि प्रवाशांसाठी १९४२ मध्ये, ऐन युद्धात, बंद झालं. तोट्यातले मार्ग आणि स्टेशनं बंद करण्याबद्दलचा बीचिंग यांचा अहवाल आला मार्च १९६३ मध्ये. याच मार्गावरचं मॉन्सल डेल १९५९ मध्ये गेलं, ग्रेट लाँगस्टोन १९६२ मध्ये. लाँगस्टोनच्या वेळी बीचिंग रेल्वेचे प्रमुख होते हे खरं, पण त्यांचा अहवाल यायचा होता.

"चांगली चालणारी" हेही हॅसॉपला लागू नाही. गाव स्टेशनापासून मैलभराहून दूर, आणि बेकवेलचं मोठं स्टेशन जेमतेम मैलावर. मग हॅसॉप बांधलं कशाला? जवळच्या चॅट्सवर्थ या वाड्याचे मालक, डेव्हनशरचे ड्यूक, यांच्या सोयीसाठी, असं सांगतात. मालगाड्या मात्र इथे १९६४ पर्यंत येत होत्या. या मालवाहतुकीची आठवण कुणी काढत नाही.

राहिला "एका माणसाने" हा भाग. अहवालाने २,३६३ स्टेशनं बंद करण्याची शिफारस केली, पण अंतिम सही मंत्र्यांची असे. १९६४ च्या निवडणुकीत मोठी कपात थांबवण्याचं आश्वासन मजूर पक्षाने दिलं, आणि त्याच पक्षाच्या राजवटीत १९६७ मध्ये बेकवेल बंद झालं, १९६८ मध्ये याच मार्गावरची, मॅटलॉक-बक्स्टनमधली रेल्वेच थांबली. बीचिंग यांना मी निर्दोष ठरवत नाही. छोट्या स्टेशनांवरून मोठ्या गाड्यांना मिळणारे प्रवासी त्यांच्या हिशेबात नीट धरले गेले नाहीत, ही टीका मला रास्त वाटते. पण म्हणून १९४२ चा निर्णय त्यांच्या माथी मारता येत नाही.

आणि "काहीच उरलं नाही"? रुळांच्या जागी १९८१ पासून मॉन्सल ट्रेल ही चालण्या-सायकलिंगची वाट आहे, २०११ मध्ये त्यावरचे बोगदेही खुले झाले. हॅसॉपच्या जुन्या इमारतीत आता कॅफे आहे, पुस्तकांचं दुकान आहे, सायकली भाड्याने मिळतात.