जुन्या पट्टीवर दलाली लिहिलेली असायची, मेलमध्येही लिहा – देवगडच्या दादांना उत्तर

दादा, ईमेलमधून अफिलिएट लिंका (ज्यावरून कोणी वस्तू घेतली तर आपल्याला कमिशन मिळतं) कशा पाठवायच्या, या माझ्या लेखावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणताय, "ओळखीपाळखीच्या लोकांचे ईमेल गोळा करायचे आणि त्यांच्या गळ्यात लिंका मारायच्या, हा वाशीच्या दलालीपेक्षा वाईट धंदा, आणि वर नवीन पोरांना शिकवताय. कोकणात मेल वाचतो तरी कोण?"

मेल वाचतात चाकरमानी. माझ्या यादीत जास्त तेच आहेत, नोकरी मुंबई-ठाण्यात, आईवडील आणि कलमं गावाला. ग्रास कटर, फवारणीचा पंप, इन्व्हर्टरची बॅटरी, असलं काही घ्यायचं तर ठरवतात तेच, आणि ऑफिसात दिवसभर मेल समोर उघडाच असतो. व्हॉट्सॲपवर सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत गुड मॉर्निंगच्या खाली गाडलं जातं, मेल महिन्याने शोधला तरी सापडतो.

आता दलालीचं. हे मला लागलं, कारण आमच्याही आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात जायच्या. पण वडिलांच्या काळातली पट्टी, म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब, आठवा, दलाली किती, हमाली किती, गाडीभाडं किती, सगळं त्यावर लिहिलेलं असायचं. पटो न पटो, दिसायचं तरी. अफिलिएटमध्ये वाचकाला ती पट्टी दिसतच नाही, म्हणून ती आपण दाखवायची. "तुम्ही इथून घेतलंत तर मला कमिशन मिळतं" हे लिंकच्या वर, सरळ मराठीत, तळाला बारीक अक्षरात नाही. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेने २०२१ मध्ये आणि ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय तेही हेच, पैशाचा संबंध लपवू नका. पण कोणी सांगितलं नसतं तरी मी लिहिलं असतं, कारण पहिल्याच वर्षी एक ग्रास कटर मी स्वतः न वापरता सुचवला होता, कमिशन बरं होतं म्हणून. लांज्याकडच्या एका वाचकाने घेतला, श्रावणातल्या ओल्या गवतात तो चालेना आणि स्पेअर पार्ट जवळपास कुठेच मिळेना. त्याने फोन केला, चिडला नाही, फक्त म्हणाला, तुमच्यावर विश्वास ठेवून घेतला हो. तेव्हापासून माझ्या बागेत एक पावसाळा काढल्याशिवाय कुठलीच वस्तू मेलमध्ये जात नाही.

स्पॅमचं म्हणाल तर तिथे चलाखी चालतही नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचा नियम आहे, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब, म्हणजे यादीतून बाहेर पडायची सोय, द्यावीच लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तीनसुद्धा नकोत. आपली यादी दोनशेची असली तरी पहिल्या दिवसापासून तसंच वागावं. आणि नवीन पोरांनो, प्रत्येक अफिलिएट प्रोग्रामच्या अटी आधी वाचा, काही ठिकाणी मेलमध्ये थेट लिंक टाकायला बंदी असते, मग लिंक आपल्या लेखात ठेवायची आणि मेलमधून लेखाकडे पाठवायचं. अट मोडली तर खातं बंद होऊन साठलेलं कमिशनही जाऊ शकतं.

एका गोष्टीत मात्र दादा तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. होमस्टेच्या रजिस्टरमधले पाहुण्यांचे ईमेल यादीत घ्या, असं मी त्या लेखात लिहिलं होतं. पाहुण्याने तो ईमेल खोलीसाठी दिलेला असतो, पंप विकायला नाही. ती ओळ आज काढली, आणि माझ्या यादीत तसे आलेले एकोणीस पत्तेही उडवले. त्या सगळ्यांना आधी एक मेल पाठवून माफी मागितली, त्यात लिंक एकही नव्हती.