खुलासा : पावसाळ्यात महसीर मासा पकडण्याबद्दलचा मेसेज

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'नर्मदेला पूर आला की महसीर आपणहून वर चढतो, बडवाह-ओंकारेश्वरला जाऊन तेव्हाच धरा. तो फक्त मासे खातो, म्हणून गळाला जिवंत मासाच लावा.'

पुरात तो प्रवाहाविरुद्ध चढतो, एवढं खरं. पण चढतो तो अंडी घालायला. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नदीत मासेमारीला बंदी आहे, ती याचसाठी. अंड्यांनी भरलेली मादी धरली की पुढची पिढीच गेली. आधीच धरणांनी वाहतं पाणी थोपवलंय. हा आपला राज्यमासा आहे, त्याच्यावर एवढी तरी दया करा!

खाण्याचं म्हणाल तर नर्मदेतला महसीर, म्हणजे इकडचा बाडस, शेवाळ, पाणवनस्पती, किडे, शिंपल्या-गोगलगायी सगळं खातो. जबड्यात दात नसतात. घशातल्या दातांनी तो शिंपली फोडतो. त्यामुळे जिवंत मासा कशाला? कणकेची घट्ट गोळी पुरते. बंदी उठल्यावर, परवानगी घेऊन, खडकाळ वाहत्या पाण्यात गळ टाका. गळाचा उलटा काटा आधी पकडीने दाबून टाका, आणि ओल्या हातांनी मासा परत पाण्यात सोडा.